चर्चच्या आवारातला उभा दगड: आधी कोण, दगड की चर्च?

वेल्समध्ये रायाडर नावाचं एक छोटं बाजाराचं गाव आहे, तिथून वाय नदीच्या काठाने दक्षिणेला थोडं खाली आलं की लानूर्थुल लागतं. मूठभर घरं, एक चर्च, चर्चभोवती दफनभूमी. चर्चची आत्ताची इमारत १९ व्या शतकात नव्याने बांधलेली आहे, पण दक्षिणेकडच्या पोर्चला लागूनच एक ओबडधोबड दगड जमिनीत उभा रोवलेला आहे, पुरुषभर उंचीचा, १.८ मीटरच्या आसपास, आणि तो मात्र कांस्ययुगातला मानला जातो. म्हणजे ढोबळमानाने इ.स.पू. २३०० ते इ.स.पू. ८०० या काळातला. चर्चच्या दारात जाताना तो बाजूलाच दिसतो, चुकवायचा म्हटला तरी चुकत नाही.

असे दगड वेल्समध्ये बऱ्याच चर्चच्या आवारांत आहेत आणि त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते: पूर्वी इथे जुन्या धर्माचे लोक या दगडाची पूजा करायचे, मग ख्रिस्ती धर्म आला, धर्मप्रसारकांनी हुशारीने तीच जागा घेतली आणि तिथेच चर्च बांधलं, त्यामुळे ही जागा चार हजार वर्षं अखंड पवित्र आहे. ऐकायला इतकी छान आहे की खरी असावीशीच वाटते. पण यात तीन-चार वेगवेगळे दावे एकात एक गुंडाळलेले आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. हा विषय मला फार जवळचा आहे म्हणूनच सांगतो, या दगडांची खरी कहाणी त्या तयार गोष्टीपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे आणि जास्त रंजकही.

आधी मधलं अंतर बघू. दगड समजा इ.स.पू. १८०० चा धरला आणि चर्चची पहिली सुरुवात, म्हणजे एखाद्या साधूची झोपडी, लाकडी प्रार्थनाघर, चार थडगी असं काहीतरी, इ.स. ६०० ची धरली, तर मध्ये २,४०० वर्षं गेली. या २,४०० वर्षांत काय काय झालं ते बघा. कांस्ययुग संपलं, लोखंड आलं, टेकड्यांवर तटबंदीची गावं वसली, इ.स. ४३ मध्ये रोमन सैन्य ब्रिटनमध्ये उतरलं, पुढे वेल्सही त्यांनी जिंकलं, रस्ते बांधले, छावण्या बांधल्या आणि इ.स. ४१० च्या सुमारास त्यांचा अंमल संपला. ज्यांनी दगड उभा केला त्यांची भाषा कोणती होती हेसुद्धा कुणाला सांगता येत नाही, लिहिलेलं एक अक्षर त्यांनी मागे ठेवलेलं नाही. आता "अखंड पूजा" म्हणायचं असेल तर या एवढ्या काळात लोक तिथे येत राहिले याची खूण दाखवायला हवी, एखादं रोमन नाणं, लोहयुगातला अर्पण केलेला तुकडा, काहीतरी. बहुतेक ठिकाणी अशी खूण मिळालेली नाही. दगड जुना आहे आणि चर्चपण जुनं आहे, यावरून मधला काळ आपोआप भरून निघत नाही.

आणि ड्रुइड? उभा दगड म्हटलं की ड्रुइड, म्हणजे रोमनांच्या आधीच्या ब्रिटनमधले पुजारी, डोळ्यासमोर येतातच, पांढरे झगे घातलेले. ड्रुइड खरंच होते, रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय की इ.स. ६० च्या सुमारास रोमन सेनापती सुएटोनियस पॉलिनस वेल्समधल्या मोना बेटावर, म्हणजे आजच्या अँगलसीवर चालून गेला तेव्हा किनाऱ्यावर ड्रुइड हात वर करून शापवाणी उच्चारत होते. पण हे लोहयुगाचं शेवटचं टोक झालं. दगड त्याच्या हजार-दोन हजार वर्षं आधीच उभे झालेले. दगड आणि ड्रुइड यांची सांगड प्रामुख्याने १७ व्या आणि १८ व्या शतकातल्या अभ्यासकांनी घातली, जॉन ऑब्रे, विल्यम स्टुकली, अँगलसीचा हेन्री रोलंड्स अशा लोकांनी. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण कार्बन डेटिंग नव्हतं, रोमनांच्या आधीचा काळ किती खोल आहे याची कुणालाच कल्पना नव्हती, आणि रोमनांच्या आधीचे म्हणून ज्यांची माहिती ग्रंथात होती ते ड्रुइडच, मग सगळं त्यांच्या नावावर गेलं.

पुढे याला एक वेगळाच फाटा फुटला. योलो मोर्गानुग नावाने ओळखला जाणारा वेल्श कवी एडवर्ड विल्यम्स याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज हिलवर कवींची एक सभा भरवली, गोर्सेद, आणि ती प्राचीन ड्रुइड परंपरा असल्याचं सांगितलं. ती त्याने स्वतःच घडवलेली होती. १८१९ मध्ये ती कार्मार्थनच्या आइस्टेदवोदला, म्हणजे वेल्श भाषेच्या काव्य-संगीत महोत्सवाला जोडली गेली आणि मग महोत्सव ज्या ज्या गावात भरेल तिथे दगडांचं नवं वर्तुळ उभारायची पद्धत पडली. त्यामुळे आज वेल्समधल्या कित्येक पार्कांत, गावांच्या मैदानांवर अस्सल दिसणारी दगडी वर्तुळं आहेत जी शंभर-सव्वाशे वर्षांची आहेत. २००५ पासून फायबरग्लासचे दगड वापरतात, ट्रकमध्ये घालून नेता येतात. मला ही परंपरा मनापासून आवडते, तिने वेल्श भाषा जगवायला मोठा हात दिलाय. पण वेल्समध्ये दगडांचं वर्तुळ दिसलं की लगेच प्रागैतिहासिक म्हणायचं नाही हा धडा तिच्यामुळे घ्यावाच लागतो.

बरं, मग दगडाचं वय ठरवतात तरी कसं? मुळात दगडाचं वय काढून उपयोग नसतो, तो खडक म्हणून कोट्यवधी वर्षांचा असतो. काढायचं असतं ते "उभा कधी केला" याचं वय, आणि ते दगडात नसतं, ते त्याच्या पायाशी असतं. दगड उभा करताना आधी खड्डा खणतात, त्याची एक बाजू उतरती ठेवतात, दगड त्या उतारावरून सरकवत नेऊन दोर आणि ओंडक्यांच्या आधाराने उभा करतात, मग भोवतीच्या फटीत छोटे दगड ठोकून घट्ट बसवतात आणि माती भरतात. एक घनमीटर दगड साधारण २.६ टन भरतो, म्हणजे सव्वातीन मीटर लांब, मीटरभर रुंद आणि अर्धा मीटर जाड असा दगड घेतला तरी चार टनांच्या वर जातो, त्याला गावच्या गाव जमलं असणार. या कामात त्या खड्ड्यात कोळशाचा तुकडा, जळकं हाड, बी, असं काही पडलेलं असेल तर त्याचं कार्बन डेटिंग करता येतं, कारण जिवंत वस्तू मेली की तिच्यातला कार्बन-१४ ठराविक गतीने घटत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. दुसरी पद्धत मातीतल्या क्वार्ट्झच्या कणांची. वाळूचा कण उजेडात असला की त्याच्यात साठलेली ऊर्जा पुसली जाते, मातीखाली गाडला गेला की पुन्हा साठायला लागते, त्यामुळे प्रयोगशाळेत ती ऊर्जा मोजून कणाने शेवटचा उजेड कधी पाहिला ते सांगता येतं, अर्थात बऱ्यापैकी कमी-जास्त धरून.

जिथे नीट उत्खनन झालंय तिथे काय मिळतं याचं एक चांगलं उदाहरण म्हणजे पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्याजवळचं स्टॅकपोल वॉरन. तिथला 'डेव्हिल्स क्वॉइट' नावाचा दगड आधी माळावर एकटाच उभा वाटायचा. खणल्यावर दिसलं की त्याच्यालगत हजारो छोटे दगड मुद्दाम ओळीने रोवलेले आहेत, आणि त्याच जागी त्याआधीच्या घराच्या खुणा आहेत. म्हणजे जो दगड आपल्याला "एकटा" दिसतो तो कधी एकटा नव्हता, त्याच्याभोवतीचं सगळं मातीखाली गेलं आणि जे गाडता आलं नाही ते तेवढं वर राहिलं.

आता चर्चच्या आवाराची अडचण लक्षात येईल. स्टॅकपोलला माळ होता, खणता आलं. आवारात हजार-बाराशे वर्षं माणसं पुरली गेलीत. दगडाच्या पायाशीसुद्धा कबरी खणल्या गेल्या, एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, आणि प्रत्येक कबर खणताना खालचा प्रागैतिहासिक थर कापला जाऊन मातीत कालवला गेला. ज्या कोळशाच्या तुकड्यावर सगळं अवलंबून आहे तो मूळ जागेवर राहिलाय याची खात्री कशी देणार? शिवाय तिथे खणायचं म्हणजे कुणाच्या तरी पूर्वजांना हलवणं, त्यासाठी चर्चची परवानगी, आणि दगड संरक्षित यादीत असेल तर 'कादू' या वेल्श सरकारच्या वारसा खात्याचीही. हे बरोबरच आहे असं मला वाटतं, नुसत्या कुतूहलापोटी कुणाची कबर उकरू नये. पण याचा परिणाम असा की या दगडांचं वय बहुतेकदा दुसऱ्या ठिकाणच्या तशाच दगडांवरून अंदाजाने ठरवलेलं असतं. "कांस्ययुगीन" असं पाटीवर वाचलं तर त्याचा अर्थ "आकार आणि ठेवण कांस्ययुगातल्या दगडांसारखी आहे" इतकाच घ्यायचा.

तर आता मूळ प्रश्न, दगड आणि चर्च एका जागी आले कसे. मला चार शक्यता दिसतात आणि चारही वेल्समध्ये कुठे ना कुठे घडल्या असाव्यात. एक, चर्चवाल्यांनी दगड बघूनच जागा निवडली. दोन, दोघांनी एकच जागा निवडली पण एकमेकांशी संबंध नाही, कारण जागाच चांगली होती, नदीचा उतार, झरा, पुराच्या वर असलेला सपाट तुकडा, आणि वेल्ससारख्या डोंगराळ मुलखात असे तुकडे मोजकेच असतात. तीन, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनीच दगड उभा केला किंवा जुना दगड उचलून आणला, स्वतःच्या माणसाची आठवण म्हणून. चार, कुणीतरी अगदी अलीकडे तो तिथे बसवला.

पहिल्या शक्यतेसाठी हमखास एक पत्र पुढे केलं जातं. इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी मेलिटस नावाच्या धर्मप्रसारकाला लिहिलं होतं की त्या लोकांची देवळं पाडू नका, फक्त मूर्ती काढा, जागेवर पवित्र जल शिंपडा आणि तीच वास्तू वापरा, म्हणजे लोक सवयीने येत राहतील. पत्र खरं आहे, बीड या इतिहासकाराने जपून ठेवलंय. पण ते पत्र होतं इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांबद्दल, जे तेव्हा ख्रिस्ती नव्हते. वेल्समध्ये रोमन काळापासूनच ख्रिस्ती धर्म होता, त्यांचे स्वतःचे संत होते, मठ होते, आणि रोमहून आलेल्या या मंडळींशी त्यांचं फारसं पटतही नव्हतं. त्यात पत्रात मूर्ती असलेल्या इमारतींची गोष्ट आहे, माळावरच्या दगडांची नाही. दगडांबद्दल बोलायचं तर फ्रान्समधल्या तूर शहरात ५६७ मध्ये भरलेल्या धर्मसभेने दगड, झाडं आणि झऱ्यांची पूजा करणाऱ्यांना फटकारलं होतं. म्हणजे असे प्रकार चालत होते हे नक्की, निदान फ्रान्समध्ये. वेल्सच्या एखाद्या ठराविक दगडाबद्दल यातून काहीच सिद्ध होत नाही.

लोककथा मात्र भरपूर आहेत आणि त्या दगड आणि चर्चचं नातं आपल्या पद्धतीने सांगतात. कोर्वेनच्या चर्चच्या पोर्चच्या भिंतीत एक टोकदार दगड चिणलेला आहे, तिथे सांगतात की चर्च दुसरीकडे बांधायचा प्रयत्न केला की काम तडीला जाईना, शेवटी या दगडापाशीच बांधा असा कौल मिळाला. माइनतूरोगला तर गावाचं नावच दगडावरून आलंय, तूरोग नावाच्या संताने डोंगरावरून शिळा भिरकावली आणि खालची जुन्या धर्माची वेदी फोडली, ती शिळा म्हणे चर्चच्या कोपऱ्याशी आहे. या कथा फार उशिरा लिहून घेतल्या गेल्या, त्यावरून इ.स. ६०० मध्ये काय झालं ते कळत नाही. पण त्या सांगणाऱ्या माणसांना हा दगड नुसता दगड वाटत नव्हता, हे कळतं, आणि तेही इतिहासच आहे ना.

मला सगळ्यात शिकवून जाणारी जागा वाटते ती अस्बटी कन्विन. केरेडिगियनमध्ये, राइडोल नदीच्या खोल दरीच्या वर, पॉन्टर्विड आणि डेव्हिल्स ब्रिजच्या मधल्या रस्त्यावर. चर्च लहानसं, आत्ताची इमारत १८२७ ची, आवार गोलसर आणि भोवतालच्या जमिनीपेक्षा जरा उंच. या आवाराच्या भिंतीत मोठाले दगड उभे आहेत, त्यातला एक तर ३.४ मीटर उंच आहे, भिंतीच्या कितीतरी वर जातो, दोन दगड फाटकाचे खांब झालेत. पाहिलं की पहिल्या नजरेत एकच विचार येतो, अरे, हे तर अख्खं दगडी वर्तुळ आहे आणि त्याच्या आत चर्च बसवलंय! वर्षानुवर्षं पुस्तकांतून हेच छापलं गेलं, जुन्या धर्माच्या जागेवर चर्च उभं राहिल्याचा वेल्समधला सगळ्यात ठसठशीत पुरावा म्हणून.

मग १९७० च्या दशकाच्या शेवटी स्टीफन ब्रिग्ज या पुरातत्त्वज्ञाने एक साधं काम केलं, जुनी वर्णनं आणि नोंदी काळाच्या क्रमाने लावून वाचल्या. जुन्या प्रवाशांना आणि अभ्यासकांना तिथे वर्तुळ दिसलेलंच नव्हतं, चर्चा व्हायची ती एका मोठ्या दगडाची. वर्तुळ नंतरच्या लिखाणात उगवतं. त्याचा निष्कर्ष असा की मोठा दगड मूळचा प्रागैतिहासिक असू शकतो, बाकीचे १९ व्या शतकात आवाराची भिंत घालताना आणून बसवलेले असावेत. आज वेल्समधल्या अधिकृत नोंदींतही वर्तुळाबद्दल अशीच सावध भाषा असते. मला या कामाचं फार कौतुक वाटतं, कारण एक कुदळ न मारता, फक्त "हे आधी कुणी पाहिलं होतं का" एवढा प्रश्न विचारून त्याने हे केलं. आणि गंमत अशी की यामुळे तो ३.४ मीटरचा दगड कमी महत्त्वाचा होत नाही, उलट आता तो नीट दिसतो. त्याच आवारात १८५६ साली एकाच वेळी जन्मलेल्या आणि काही दिवसांत गेलेल्या चार भावंडांची कबर आहे, ब्रिटनमधली अशा चार बाळांची ही पहिली नोंद असं सांगतात. तिथे जाणारे लोक दगड बघायला जातात आणि त्या कबरीपाशी थांबतात. आवार म्हणजे फक्त प्राचीन काळ नसतो, सगळे काळ तिथे शेजारी-शेजारी असतात.

आवार गोल आहे म्हणून जागा प्राचीन, हा तर्कही खूप चालतो. वेल्समध्ये गोल किंवा अंडाकृती आवारं बरीच आहेत हे खरं. पण जमिनीभोवती बांध घालायचा म्हटलं की गोल बांधाला सगळ्यात कमी लांबी लागते, आणि सुरुवातीच्या मध्ययुगात ख्रिस्ती वस्तीभोवती गोल कुंपण घालण्याची पद्धतच होती, आयर्लंडमध्येही तेच दिसतं. त्यामुळे गोल आवार हे जुन्या चर्चचं लक्षण म्हणून धरता येतं, त्याच्याही आधीच्या देवस्थानाचं म्हणून नाही. चर्चच्या आवारातल्या यू या सदाहरित, फार वर्षं जगणाऱ्या झाडांचंही तसंच. लानगेर्न्यूच्या चर्चचं यू झाड ४,००० वर्षांचं सांगतात, खोडाचा मधला भाग कुजून गेलेला, इतका मोकळा की कित्येक वर्षं त्यात चर्चची तेलाची टाकी ठेवलेली होती, ती १९९० च्या दशकात काढली. पण मधलं लाकूडच नाही तर वलयं मोजणार कशी? वयाचा आकडा घेरावरून काढलेला अंदाज आहे. झाड मात्र विलक्षण आहे, आकडा काहीही असो.

त्याच लानगेर्न्यूच्या आवारात दोन उभे दगड आहेत आणि त्यांच्यावर क्रूस कोरलेत, ७ व्या ते ९ व्या शतकातले मानतात. इथे तिसरी शक्यता समोर येते. दगड आधीपासून होते आणि ख्रिस्ती लोकांनी त्यांवर क्रूस कोरले, की क्रूस कोरण्यासाठीच उभे केले? दोन्ही बाजूंनी बोलता येतं. ग्विथेरिनला याहून छान उदाहरण आहे. कॉन्वी भागातलं दुर्गम खेडं, चर्चच्या उत्तर बाजूला मीटरभर उंचीचे चार दगड एका ओळीत, आणि त्यातल्या एकावर लॅटिन अक्षरं: विन्नेमाग्लस, सेनेमाग्लसचा मुलगा. ५ व्या-६ व्या शतकातला मजकूर. नावं इथली, लिपी आणि व्याकरण रोमनांचं, आणि रोमन सत्ता जाऊन बराच काळ लोटलेला. कुणीतरी आपल्या माणसाचं नाव दगडावर कोरून ठेवलं. ओळ प्रागैतिहासिक असेल आणि तिच्यातला एक दगड या कामाला घेतला असेल, किंवा चारही दगड त्याच काळातली थडगी दाखवणारे असतील. मला दुसरी शक्यता कमी वजनाची वाटत नाही, चारही दगड लहान आहेत आणि एकसारखे आहेत.

ब्रिडेलचा दगड तर एकाच अंगावर तीन काळ घेऊन उभा आहे. पेम्ब्रोकशायरच्या उत्तरेला, दोन मीटरच्या आसपास उंच आणि सडपातळ. त्याच्या कडेने ओघम लिपी कोरलीये, म्हणजे दगडाची कड हीच मधली रेघ धरून तिच्या अल्याड-पल्याड आणि आरपार मारलेल्या चरांची अक्षरं, आयर्लंडमधून आलेली लिपी, कारण त्या काळी वेल्सच्या या पश्चिम भागात आयरिश लोकांच्या वसाहती होत्या. मजकूर आयरिश भाषेत, नेत्तासाग्री नावाच्या माणसाचा. नंतर केव्हातरी त्याच दगडाच्या सपाट बाजूवर वर्तुळातला क्रूस कोरला गेला. आणि त्याआधी तो कांस्ययुगातला साधा उभा दगड असेल तर ती सगळ्यात खालची पायरी.

आपल्याकडे एखाद्या देवळाच्या बाहेर शेंदूर फासलेला वीरगळ असतो बघा, बाराव्या-तेराव्या शतकात लढाईत पडलेल्या कुणाची तरी आठवण, आणि आज त्याला म्हसोबा म्हणून नारळ फुटतो, वीराचं नाव गावात कुणालाच माहीत नसतं. दगड तोच, जागा तीच, भक्तीही खरी, पण "आठशे वर्षं म्हसोबाचं ठाणं" असं म्हटलं तर ते चूक ठरेल. वेल्सच्या दगडांबद्दल विचार करताना मी हे डोक्यात ठेवतो. लोक दगडाला टाकत नाहीत, त्याचा अर्थ बदलतात.

चौथी शक्यता सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही: गुरांचे दगड. झाड नसलेल्या माळावर गुरांना अंग घासायला शेतकरी उंच दगड रोवायचे, १८ व्या-१९ व्या शतकात सर्रास. शंभर वर्षं पावसात भिजला, वर दगडफूल चढलं, की तो प्रागैतिहासिक दगडासारखाच दिसतो. चर्चचं आवार वाढवताना बाजूचं शेत आत घेतलं तर असा दगड अलगद "प्राचीन" होऊ शकतो.

मग पहिली शक्यता, दगडामुळे चर्च, ती कुठे मजबूत वाटते? माझ्या मते त्यासाठी आजूबाजूची जमीन बघावी लागते. वेल्सबाहेरचं एक उदाहरण घेतो, इंग्लंडमध्ये यॉर्कशायरचं रुडस्टन. तिथल्या चर्चच्या आवारातला दगड ७.६ मीटर उंच आहे, ब्रिटनमधला सगळ्यात उंच उभा दगड, आणि तो ज्या प्रकारच्या खडकाचा आहे तो खडक जवळात जवळ १६ किलोमीटरवर मिळतो. शिवाय आसपासच्या शेतांत नवाश्मयुगातले, म्हणजे कांस्ययुगाच्याही आधीच्या काळातले, लांबच लांब चर आणि बांध आहेत जे या टेकडीकडेच येतात. इतका मोठा दगड चर्च बांधणाऱ्यांच्या नजरेतून सुटणं शक्यच नाही. इथे चर्चने दगडाची जागा जाणूनबुजून घेतली असं म्हणायला हरकत नाही. तरीही तेवढंच म्हणता येतं, मधल्या काळात तिथे पूजा चालू होती की नाही हा प्रश्न वेगळाच राहतो.

दगडाचा खडक कुठला हे बघणं खूप कामाचं असतं, आणि त्यातून धक्केही बसतात. दक्षिण इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्रसिद्ध दगडी वर्तुळातले निळसर दगड वेल्सच्या प्रेसेली डोंगरातले हे १९२३ मध्ये भूशास्त्रज्ञ हर्बर्ट थॉमस यांनी दाखवलं, सव्वादोनशे किलोमीटरवरून आणलेले. तिथलाच सहा टनी 'ऑल्टर स्टोन' पण वेल्सचाच असं शंभर वर्षं मानत होते, आणि २०२४ मध्ये त्यातल्या खनिजांच्या कणांच्या वयावरून कळलं की तो ईशान्य स्कॉटलंडमधून आलाय. चर्चच्या आवारातल्या फारच थोड्या दगडांचा असा अभ्यास झालाय. बरेच दगड हिमनदीने आणून टाकलेले स्थानिक धोंडे असतील, पण एखादा लांबून आणलेला निघाला तर त्याला तिथेच का उभा केला हा प्रश्न एकदम गंभीर होतो.

या विषयाचा एक धागा थेट नागपूरपर्यंत येतो. नागपूरजवळ जुनापाणीला सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली, खाली दफनं असलेली. १८७९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिथल्या उत्खननाबद्दल लिहिलं, त्याला वर्तुळातल्या दगडांवर वाटीसारखे कोरलेले खळगे दिसले आणि त्याने ते युरोपातल्या तशाच खळग्यांशी ताडून पाहिले. वेल्समध्येही असे खळगे आहेत, क्लिनोग वाउरजवळच्या बाखवेनच्या दगडी थडग्यावरच्या शिळेवर शंभराहून जास्त. त्या काळात यावरून लोक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले असतील, एकच वंश असेल, अशा कल्पना रंगायच्या. आज आपल्याला तारखा माहीत आहेत: बाखवेनचं थडगं नवाश्मयुगातलं, जुनापाणी त्यानंतर दोन-तीन हजार वर्षांनी. दिसायला सारखं म्हणजे नात्याचं, हा तोच तर्क, फक्त चर्चच्या आवारातून दोन खंडांवर पसरलेला.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला असेल किंवा जाणार असेल तर दगडापाशी गेल्यावर काय बघायचं ते सांगतो. त्याचा खडक आजूबाजूच्या भिंतींच्या खडकासारखा आहे का ते बघा. वरच्या टोकाला पावसाने पाडलेले उभे चर आहेत का, आणि ते दगड उभा असतानाच पडलेत ना, कारण चर आडवे दिसले तर दगड आधी पडून होता आणि नंतर कुणीतरी उभा केला. बिजागरीची भोकं, लोखंडाचा गंज, म्हणजे तो कधीतरी फाटकाचा खांब होता. क्रूस किंवा अक्षरं झिजलेली असतील तर दुपारच्या उन्हात काहीच दिसत नाही, संध्याकाळी किंवा टॉर्च बाजूने तिरकी धरून बघा, एकदम उठून येतात. खडूने रेघा ओढू नका, दगडफूल खरवडू नका, त्याने दगडाची वरची कातडीच जाते. आणि जाण्याआधी त्या चर्चचं नाव 'कोफ्लाइन' किंवा 'आर्ख्विलियो' या वेल्सच्या सरकारमान्य ऑनलाइन नोंदींमध्ये टाकून बघा, दोन्ही फुकट आहेत, आणि तिथे दगडाच्या नोंदीत "कदाचित", "मानलं जातं" हे शब्द कुठे येतात तेवढं नीट वाचा.